ख्रिस्तपुराण: पाद्रीची ओवी कोणत्या परंपरेची?

शेवंती

फादर थॉमस स्टीफन्सच्या ख्रिस्तपुराणाची आपल्यापैकी बहुतेकांची ओळख दोन-चार ओव्यांपुरती असते. मराठी भाषा दिनाला त्या फलकांवर येतात:

जैसी हरळांमाजी रत्नकिळा । कीं रत्नांमाजी हिरा निळा ।
तैसी भासांमाजी चोखळा । भासा मराठी ॥

एका इंग्रजाने आपल्या भाषेची स्तुती केली याचं कौतुक होतं आणि पुस्तक पुन्हा कपाटात जातं. या ग्रंथाच्या सुमारे अकरा हजार ओव्या आहेत. अख्खा ग्रंथ वाचायचा मी चंग बांधला होता आणि तो वाचून झाल्यापासून एक गोष्ट मनातून जात नाहीये. ती नीट मांडता यावी म्हणून हा धागा.

आधी थोडी पार्श्वभूमी. स्टीफन्सचा जन्म इंग्लंडमधल्या विल्टशरचा, साधारण १५४९ चा. राणी एलिझाबेथच्या काळात तिथे कॅथलिक राहणं जोखमीचं झालं होतं. तो रोमला जाऊन जेसुइट, म्हणजे येशूसंघ या कॅथलिक संघाचा पाद्री झाला, एप्रिल १५७९ मध्ये लिस्बनहून निघाला आणि ऑक्टोबरमध्ये गोव्याला उतरला. पुढची चाळीस वर्षं, १६१९ मध्ये मरेपर्यंत, तो इथेच होता आणि त्यातला बहुतेक काळ सासष्टीत, म्हणजे दक्षिण गोव्यातल्या मडगावच्या आसपासच्या भागात. ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये सासष्टीतल्याच रायतूरला छापलं गेलं. लिपी रोमन, भाषा मराठी. पहिल्या भागात बायबलचा जुना करार, दुसऱ्यात येशूचं चरित्र. प्रकरणांना त्याने ‘अवस्वरु’ म्हटलंय. पहिल्या भागात ३६ आणि दुसऱ्यात ५९ अवस्वरु आहेत.

या ग्रंथात भाषांचं मिश्रण कसं झालं हे कवीने प्रस्तावनेत स्वतःच सांगितलंय, आणि ते मला फार मोलाचं वाटतं. देवाच्या गोष्टी सांगायला या देशीच्या भाषांत मराठी योग्य दिसली म्हणून ती घेतली, पण शुद्ध मराठी सामान्य लोकांना कळायची नाही. म्हणून आधीच्या कवीश्वरांचे अवघड शब्द सोडून दिले आणि ‘ब्राह्मणांच्या भाषेतले’, म्हणजे कोकणीतले, सोपे शब्द ठिकठिकाणी मिसळले. चारशे वर्षांपूर्वीच्या कवीने आपलं मिश्रण असं उघड सांगावं आणि त्याचं कारणही द्यावं, हे फारच क्वचित आढळतं.

त्याचा आरंभ पाहा. ‘ॐ नमो विश्वभरिता । देवा बापा सर्वसमर्था’. ज्ञानेश्वरीच्या ‘ॐ नमोजी आद्या’शी ज्याचा कान जुळलाय त्याला ही चाल ओळखीची वाटणारच. नमन झाल्यावर तो थेट कथेला हात घालत नाही. आपल्या पुराणांसारखा आधी संवाद उभा करतो. एक ब्राह्मण पाद्रीला विचारतो, की जुनी पुराणं तुम्ही वर्ज्य केलीत, मग त्यांच्या जागी आम्हाला दुसरं पुराण का देत नाही? त्या प्रश्नाचं उत्तर म्हणून हा ग्रंथ सुरू होतो.

आता ज्यासाठी धागा काढला ती गोष्ट. मराठीच्या स्तुतीच्या पुढच्या ओव्या वाचा. फुलांमध्ये मोगरी, परिमळांमध्ये कस्तुरी, पक्ष्यांमध्ये मोर, वृक्षांमध्ये कल्पतरू, ताऱ्यांमध्ये बारा राशी, सात वारांमध्ये रवि-शशी. हे सगळे एकाच साच्यात बसवलेत: अमक्यांमध्ये जे सर्वश्रेष्ठ, तशी भाषांमध्ये मराठी. हा साचा गीतेच्या दहाव्या अध्यायातला आहे! ‘नक्षत्राणामहं शशी’, वृक्षांमध्ये मी अश्वत्थ, पक्ष्यांमध्ये गरुड. कृष्ण आपल्या विभूती ज्या रीतीने मोजतो, त्याच रीतीने हा पाद्री मराठीचं थोरपण मोजतोय. त्याने दहावा अध्याय समोर ठेवून या ओव्या लिहिल्या असा माझा दावा नाही. हा साचा इथल्या कीर्तन-पुराणात इतका मुरलेला होता की मराठी ओवीत स्तुती करायची म्हटली की तो आपसूकच येत असणार. मला म्हणायचंय ते इतकंच: ख्रिस्ती कल्पनांसाठी वैकुंठ, मोक्ष, पुण्य हे शब्द त्याने मुद्दाम निवडले असतील, पण विचाराची ही चाल मराठीनेच त्याच्या हाती दिली. तो ओवी वापरायला गेला, आणि ओवीनेही त्याला वापरलं.

तुम्हाला काय वाटतं? हा ग्रंथ तुम्ही कोणत्या परंपरेत ठेवाल?

---

अवघड_ओवी

शेवंतीताई, विभूतियोगाचा मुद्दा वाचला आणि गीता उघडून बसलो. मला तर पटलं.

छंदाबद्दल थोडी भर घालतो. वर दिलेल्या ओवीत पहिल्या तीन चरणांना यमक आहे (रत्नकिळा, निळा, चोखळा) आणि चौथा चरण आखूड, यमकाविना सोडलेला. ही ग्रंथातली ओवी, ज्ञानेश्वर-एकनाथांची. काळही जुळतो. नाथांचं भागवत काशीला १५७३ मध्ये पूर्ण झालं आणि सहाच वर्षांनी स्टीफन्स गोव्यात उतरला. नाथ गेले १५९९ मध्ये. म्हणजे वीस वर्षं हे दोघं एकाच भाषेत एकाच वेळी वावरत होते. स्टीफन्स ज्यांना ‘आधीचे कवीश्वर’ म्हणतो त्यांच्या पोथ्या त्याच्या हाताशी होत्या हे उघड आहे, नुसतं ऐकून कुणाची ओवी इतकी सफाईदार होत नाही.

तो चौथा चरण मोठ्याने म्हणून बघा. तीन चरण चढत जातात आणि चौथ्यावर दम टाकायला जागा मिळते. पुराणिक तिथे थांबतो, श्रोता तिथे मान डोलावतो. पोर्तुगीज किंवा लॅटिन पद्यातून हे उचलता येत नाही. त्यासाठी पुराण ऐकत बसावं लागतं.

---

म्हाळसेचा_गडी

लेख अभ्यासपूर्ण आहे, पण ‘मिश्रण’ या शब्दाला माझी हरकत आहे आणि ती मनापासून आहे.

आमची कुलदेवता म्हाळसा. तिचं मूळ ठाणं सासष्टीतलं वेर्णे, आज ती फोंड्याकडे म्हार्दोळला आहे. मंगेश कुठ्ठाळीहून १५६० मध्ये जुवारी ओलांडून प्रियोळला गेला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला गेली. देव रात्री होडीत घालून न्यावे लागले ते याच सासष्टीतून, स्टीफन्स यायच्या जेमतेम दोन दशकं आधी. जुलै १५८३ मध्ये कुंकळ्ळीच्या लोकांनी पाच जेसुइटांना मारलं. त्यानंतर बोलणी करायला म्हणून गावच्या सोळा गावकारांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलावलं आणि मारून टाकलं. एक तेवढा निसटला. त्या जेसुइटांचे मृतदेह आणायच्या कामात स्टीफन्स होता असं त्याच्याच चरित्रांत लिहिलेलं असतं.

आणि पोथ्या हाताशी होत्या म्हणता, त्या आल्या कुठून? स्टीफन्स यायच्या सुमारे वीस वर्षं आधी, बाटलेल्या एका माणसाने पलीकडच्या मुलखात जाऊन एका ब्राह्मणाच्या घरातून त्याने वर्षानुवर्षं खपून तयार केलेल्या पोथ्या पळवल्या, हे जेसुइटांच्या पत्रव्यवहारातच नोंदलेलं आहे. त्याच पोथ्या वादात आमच्या लोकांवर उलटवण्यात आल्या.

‘जुनी पुराणं तुम्ही वर्ज्य केलीत’ हे वाक्य तुम्ही ग्रंथाची चौकट म्हणून सांगून पुढे गेलात. मी ते वाचून तिथेच थांबतो. आधी ऐकायचं काढून घेतलं आणि मग त्याच चालीत दुसरं ऐकवलं. दोन परंपरा एकमेकींना भेटल्या असं यावरून कसं म्हणायचं?

---

सासष्टीकर

नमस्कार. मी मडगावचा, कॅथलिक. शेवंतीताईंचा लेख आणि गडीबाबांचा प्रतिसाद, दोन्ही दोनदा वाचले.

गडीबाब, तुम्ही सांगितलंत ते खरं आहे, आणि तो आमच्याही घराचा इतिहास आहे. वेर्णेच्या म्हाळसेला नवस करणारे आमचेही पूर्वज होते. काही घराणी देवाबरोबर नदी ओलांडून गेली, काही मागे राहिली. मागे राहिलेल्यांसाठी हे पुराण लिहिलं गेलं. आपल्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या कानावरचं सगळं तुटलेल्या माणसांना रविवारी इगर्जेत, म्हणजे चर्चमध्ये, पाद्री स्टीफन्सची ओवी ऐकू येत होती. त्यांना तेव्हा काय वाटलं असेल याचा मी पुष्कळ विचार करतो. मला वाटतं, त्यांना आपली वाणी परत मिळाल्यासारखं झालं असेल. जुलूम झाला हे खरं, आणि त्यातही लोकांनी ही ओवी जिवाशी धरली हेही खरं. क्वारेज्मात, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपासाच्या काळात, येशूच्या यातनांचे भाग गाण्याची रीत होती. गोव्यातून दक्षिणेला गेलेल्या लोकांनी ती मंगळूरपर्यंत नेली. मंगळुरी ख्रिश्चनांना टिपूच्या कैदेत या ओव्यांचा आधार होता, असं १९०७ ची आवृत्ती काढणाऱ्या जोसेफ साल्ढाणांनी नोंदवलंय. ही आवृत्ती मंगळूरलाच निघाली. त्याआधीच्या १६१६, १६४९ आणि १६५४ च्या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज हाती नाही. लोकांनी हाताने नकलून ठेवलं म्हणून हे पुराण वाचलं.

मिश्रणाचा एक नमुना आमच्या गावचा सांगतो. सैतानाला आम्ही ‘देवचार’ म्हणतो, पाद्रींच्या ग्रंथांतूनच तो शब्द आमच्यात त्या अर्थाने पक्का झाला. पण गोव्यातल्या हिंदू गावात देवचार हा राखणदार. तो रात्री वेशीवर फिरतो, चुकलेल्याला वाट दाखवतो, त्याला रोट देतात. गावाचा राखणदार बायबलात नरकाचा धनी होऊन बसला! गडीबाबांची वेदना मला या एका शब्दात सगळ्यांत जास्त कळते. आणि गंमत नव्हे, खरं सांगतो, आमच्याकडची म्हातारी ख्रिश्चन माणसंसुद्धा देवचाराच्या वाटेत थुंकत नसत.

आणखी एक. १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने फर्मान काढलं, की लोकांनी आपली भाषा सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज बोलायला लागावं. पाद्री स्टीफन्सना जाऊन तेव्हा पासष्ट वर्षं झाली होती. जी भाषा त्यांनी देवाच्या कथेला योग्य ठरवली, तिच्यावरच पोर्तुगीज सत्तेने बंदी घातली.

---

शेवंती

सासष्टीकरबाब, तुमचा प्रतिसाद वाचून थोडा वेळ काहीच लिहवलं नाही. हे इथे मांडलंत याबद्दल मनापासून आभार.

म्हाळसेचा_गडी, तुमचा राग मी बाजूला सारत नाहीये. माझ्या मते हा ग्रंथ वाचताना वेर्णे आणि कुंकळ्ळी सोबत ठेवूनच वाचावा, नाहीतर ती ब्राह्मणाच्या प्रश्नाची ओळ नुसती युक्ती वाटते. तुम्ही थांबता तिथे मीही थांबले होते. पण मग पुढे गेल्यावर मला आणखी काही दिसलं, ते सांगते.

स्टीफन्सनंतर दहा वर्षांनी, १६२९ मध्ये, एत्येन द ला क्रुआ या फ्रेंच जेसुइटाचं संत पीटरच्या चरित्रावरचं पुराण गोव्यात छापलं गेलं. तेही मराठी, तेही ओवीबद्ध, आणि आकाराने तितकंच अजस्र. त्याला आपली पुराणं चांगली ठाऊक होती आणि ती ज्ञानशक्ती त्याने हिंदू देवदेवतांचं खंडन करण्यात घातली. स्टीफन्सचा बराचसा जीव मात्र कथा सांगण्यात गुंतलेला आहे. दोघांची संस्था, प्रदेश आणि छंद एकच, हेतूही एकच. तरी आज क्रुआच्या ओव्या कुणाच्या तोंडी नाहीत. ओवीला खंडन पेलतं, पण ती त्यावर जगत नाही. श्रोत्याला हिणवणारा पुराणिक आणि त्याला सोबत घेऊन जाणारा पुराणिक यांतला फरक श्रोत्यांना कळतो, मग सत्ता कुणाचीही असो.

म्हणून तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर असं: सत्तेच्या पातळीवर हे मिश्रण नव्हतं, तिथे एक बाजू देत होती आणि दुसरीला घेणं भाग होतं. कवितेच्या पातळीवर मात्र उलट घडलं. तिथे शिकणारा स्टीफन्स होता आणि शिकवणारे ज्ञानदेव-एकनाथ.

---

नगरची_मावशी

सुंदर चर्चा चाललीय. आमच्या नगरकडचे दोघे आठवले, त्यांना इथे आणल्याशिवाय राहवत नाही.

पहिले श्रीगोंद्याचे शेख महंमद. ‘शेख महंमद अविंध । त्याचे हृदयी गोविंद’ असं स्वतःबद्दल म्हणणारे. अविंध म्हणजे कान न टोचलेला, मुसलमान. त्यांचा ‘योगसंग्राम’ १६४५ चा, म्हणजे स्टीफन्सनंतर पाव शतकाने. त्यांचे गुरू चांद बोधले सूफी कादरी परंपरेतले, आणि एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी यांचेही गुरू तेच, असं परंपरा मानते. तसं असेल तर ज्या नाथांची ओवी स्टीफन्सच्या कानावर पडली, त्यांच्याच गुरुपरंपरेत सूफी धागा आधीपासून होता. नाथांचं ‘हिंदु-तुर्क संवाद’ हे भारूड आठवा. दोघे कडाकडा भांडतात आणि शेवटी एकमेकांना नमस्कार करतात. अशा भाषेत आणखी एका धर्माचा माणूस येऊन बसला, तर त्याला जागा का मिळाली हे कळतं.

दुसरे रेव्हरंड नारायण वामन टिळक. जन्म १८६१, बाप्तिस्मा १८९५. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं ते म्हणत. मराठी ख्रिस्ती उपासनेत तोवर इंग्रजी चालींवर बसवलेली भाषांतरं गात असत. टिळकांनी अभंग लिहिले, टाळ-वीणा आणली. त्यांनी ‘ख्रिस्तायन’ सुरू केलं, ते १९१९ मध्ये गेल्यावर लक्ष्मीबाईंनी पुढे नेलं आणि मुलाने, देवदत्तांनी, पुरं केलं.

स्टीफन्सला ओवी शिकावी लागली, टिळकांच्या ती अंगातच होती. म्हाळसेच्या गड्याच्या प्रश्नाला इथे थोडं उत्तर मिळतं असं मला वाटतं. टिळकांवर कुणाची तलवार नव्हती. तेव्हा मिश्रण बिनसक्तीचं झालं की ते कसं दिसतं हे बघायचं तर त्यांचे अभंग वाचावेत. मला विचाराल तर टिळकच मला जवळचे. स्टीफन्स वाचताना मी थक्क होते, टिळक वाचताना रडते.

---

म्हाळसेचा_गडी

मावशी, टिळकांबद्दल शंभर टक्के सहमत. तिथे माणूस आपल्या पायाने गेला आणि आपलं सगळं सोबत घेऊन गेला. त्याला मी आनंदाने मिलाफ म्हणेन.

सासष्टीकर, तुमच्या प्रतिसादाला काय उत्तर द्यावं कळत नाही. देव घेऊन गेलेले आणि मागे राहिलेले, असा मी कधी विचारच केला नव्हता. आमच्याकडे गोष्ट नेहमी होडीतल्यांची सांगतात. म्हार्दोळच्या जत्रेला या, खरंच या.

स्टीफन्सबद्दल माझं मत मात्र बदललेलं नाही. तो मोठा कवी होता हे मान्य. पण शिकणारा तो आणि शिकवणारे ज्ञानदेव-एकनाथ, हे वाक्य मला फार सोपं वाटतं. ज्यांच्या पोथ्या पळवल्या त्यांना गुरू म्हणणं मला जड जातं.

---

स्विंडनकर

विल्टशरच्या स्विंडनमध्ये राहतो. स्टीफन्सचं बुशटन इथून जवळ, अगदी छोटी वस्ती. आसपास सपाट शेतं, गुरं. तिथला मुलगा मोगरी आणि कस्तुरीबद्दल लिहितो, हे मला त्या बाजूने जाताना दर वेळी नवल वाटतं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. ग्रंथ रोमन लिपीत निघाला तो त्याच्या इच्छेविरुद्ध. डिसेंबर १६०८ मध्ये त्याने जेसुइटांचे प्रमुख क्लाउडियो आक्वाविव्हा यांना पत्र लिहिलं, की मरण्याआधी या देशाच्या भाषेत आणि या देशाच्या लिपीत पुस्तकं छापलेली पाहायची आहेत, जशी मलबारात छापली गेली. अडचण अशी, की युरोपात चोवीस अक्षरांत भागतं, इथे एकेका अक्षराला मात्रा-वेलांट्या लागून सहाशेच्या आसपास साचे ओतावे लागतील. दुसरं म्हणजे वरिष्ठांची परवानगी हवी. दोन्ही जमलं नाही. (कुंकळ्ळीत मारला गेलेला रुदोल्फो आक्वाविव्हा हा याच प्रमुखांचा पुतण्या. तो त्याआधी अकबराच्या दरबारात होता.)

विल्यम मार्सडेन यांच्या संग्रहातून आलेलं एक देवनागरी हस्तलिखित लंडनच्या प्राच्यविद्या संस्थेच्या ग्रंथालयात आहे. १९२० च्या दशकात जस्टिन अ‍ॅबट यांनी ते उजेडात आणलं. त्यात छापील परंपरेतल्या पोर्तुगीज-लॅटिन शब्दांच्या जागी पुष्कळ ठिकाणी संस्कृत शब्द आहेत. मूळ पाठ कोणता यावर अभ्यासकांचे वाद आहेत. मला यात रस वेगळ्या कारणाने वाटतो. कवी गेल्यावरही कुणीतरी ते मिश्रण पुन्हा ढवळत होतं, एकीकडचे शब्द कमी करून दुसरीकडचे वाढवत होतं.

---

वसईवाला

आमच्याकडेही पुराण होतं. फ्रान्सिस्को वाझ द गिमरायश यांचं, येशूच्या यातनांवरचं, १६५९ मध्ये लिस्बनला छापलेलं. आमच्या भागातल्या जुन्या माणसांना ‘पुराण’ म्हटलं की तेच आठवायचं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा त्यांच्या ख्रिस्ती असण्यावरून आक्षेप घेणाऱ्यांना ही चारशे वर्षं माहीत असती तर बरं झालं असतं.

---

नवी_वाचक

पहिल्यांदाच लिहितेय. मला जुनी मराठी फारशी कळत नाही. वाचायचं तर कोणती आवृत्ती घ्यावी आणि कुठून सुरुवात करावी?

---

शेवंती

स्वागत! देवनागरीत शांताराम बंडेलू यांची १९५६ ची आवृत्ती आहे, पण ती आता जुन्या ग्रंथालयांतच शोधावी लागते. कारिदाद द्रागो यांची १९९६ ची आहे. तुमच्यासाठी फादर नेल्सन फलकाव यांची २००९ ची घ्या, तिच्यात मूळ ओव्यांबरोबर आजच्या मराठीतला अर्थ आहे.

सुरुवात पहिल्या भागाच्या पहिल्या अवस्वरुपासूनच करा. नमन, मराठीची स्तुती आणि ब्राह्मणाचा प्रश्न तिथेच आहेत. मग सरळ दुसऱ्या भागात येशूच्या जन्माकडे जा. मधल्या वंशावळींत सुरुवातीला अडकू नका. अवघड_ओवींनी सांगितल्याप्रमाणे मोठ्याने वाचा. ‘स’ आणि ‘श’ची अदलाबदल, ‘उ’कारान्त नामं यांची दहा-पंधरा ओव्यांत सवय होते.

म्हाळसेचा_गडी, ‘गुरू’ हा शब्द तुम्हाला जड जातो, हे मला समजतं. पोथ्यांच्या मालकाचं नाव कुठेच टिकलं नाही आणि कवीचं टिकलं, हे माझ्याही मनाला लागतं. यापुढे वर्गात ती स्तुतीची ओवी शिकवेन तेव्हा वेर्ण्याची होडीही सांगेन.